बेसाच्या चक्कीचं इंजिन

आमच्या घरी नळ यायच्या आधी ट्रक आला. नंदनवन वस्तीत तेव्हा नुसते प्लॉट पाडलेले होते, मधात बाभळी, अन् रस्ते फक्त कागदावर. आमच्या दोन खोल्यायच्या पुढं मोकळी जागा होती. तिथं बाबाची लढाईतली एक जीप अन् पाण्याचा एक ट्रेलर आधीच उभे होते, त्यायच्या बाजूले हा तिसरा. उभा केला म्हणजे काय, दुसऱ्या ट्रकनं ओढत आणून सोडला. चार चाकं, त्यातली दोन बसलेली, वरची ताडपत्री गायब, अन् बोनेट उघडलं तर आत काहीच नाही! मी वाकून पाहिलं तर थेट खालची माती दिसली.

आई दारात उभी राहून पाहून राहिली होती.

"लोकायचे नवरे रिटायर झाल्यावर घरावर गच्ची टाकतात," ती म्हणे. "माह्या नवऱ्यानं भंगारवाल्याचं आंगणच घरी आणलं."

"भंगार नोको म्हणू याले," बाबा म्हणाले.

"मंग काय म्हणू? बिना काळजाचा हत्ती?"

बाबा वीस वर्ष फौजेत गाड्यायचे मिस्त्री होते. पेन्शन घेऊन आले तेव्हा बाकीचे लोक चौकीदाराची नोकरी शोधत, बाबा जुन्या फौजी गाड्या शोधायचे. कोण्या ठेकेदाराच्या वखारीत, कोण्या शेतात, जिथं कुठी लढाईच्या वेळची एखादी गाडी मरून पडली असंल तिथं हे सायकलवर जायचे. आणायचे, खोलायचे, घासायचे, होती तशी परत करायचे. होती तशी म्हणजे अगदी तशीच. हिरवा रंगही कोणता, तर दाराच्या बिजागरीखाली जो जुना टिकून राहिला असंल तोच.

ट्रकच्या डॅशबोर्डवर एक पितळी पट्टी होती, रंगाच्या चार थरांच्या खाली. बाबानं ती घासलेटच्या बोळ्यानं दोन दिवस पुसली. इंग्रजी अक्षरं निघाली, कोणत्या गिअरले किती वेग, अन् कोपऱ्यात एक छोटासा बाण, तोंड वर केलेला. तो बाण दिसला अन् बाबा जे उकिडवे बसले ते उठेचनात.

"हा बाण फौजेचा," ते मले म्हणाले. "मोठ्या लढाईतला हाये हा. मी भरती झालो ना, तवा असाच एक होता आमच्याकडं. त्याच्यावरच हात बसला माहा."

आता मी कशी होती तेही सांगून टाकते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाले होती, संध्याकाळी मराठी टायपिंगच्या क्लासले जायची, अन् मले कोणत्याही गोष्टीचा एवढा उल्हास यायचा की आई म्हणायची, हिच्या पोटात गोष्ट राहत नाही, पाय निघतात तिले. बाबाच्या गाड्यायचा नाद मलेच जास्त लागला होता. त्यायचे सगळे अर्ज मी टाइप करायची, सगळ्यायले गाड्या मीच दाखवायची. म्हणून पुढं जे झालं त्यात माझा हात बाबापेक्षा कमी नाही. हे आधीच सांगते.

ट्रकसोबत त्याचं जुनं नोंदणीचं पुस्तक आलं होतं, उधईनं अर्धं खाल्लेलं. त्यात चेसिसचा नंबर, इंजिनचा नंबर, अन् लढाई संपल्यावर फौजेकडून ज्यानं लिलावात घेतला त्याचं नाव अन् गाव. गाव बेसा. कबाड्याकडं दुसरं इंजिन मिळत होतं, त्याच जातीचं, चालू. बाबा पाहूनही आले. पण नाही.

"दोन्ही नंबर जुळले तर गाडी," ते म्हणे. "नाही तर जोडतोड."

एका रविवारी आम्ही दोघं दोन सायकलीवर बेसाले निघालो. तेव्हा बेसा म्हणजे गावच होतं, काळी माती, संत्र्याचे बगीचे, बैलगाड्यायच्या चाकोऱ्या, सायकल चाकोरीत फसली की संपलं. गाव दिसायच्याही आधी आवाज आला. तुम्ही खेड्यातली चक्की ऐकली असंल, टुक टुक टुक. हा तसा नव्हता. हा एक लांब पिपाणीसारखा आवाज, न थांबता, मधातच थोडा अडखळणारा. बाबा सायकलवरून उतरले. एक पाय खाली, मान वाकडी करून ऐकत राहिले.

"सहा सिलिंडर," ते म्हणाले. "एक मार खाऊन राहिलं. पोरी, चक्कीवर कोणी सहा सिलिंडरचं इंजिन लावते का?"

अन् मग आम्ही अशा सायकली हाणल्या!

टिनाच्या शेडमध्ये चक्की होती. ज्याचं नाव पुस्तकात होतं तो माणूस वारून बारा-तेरा वर्ष झाले होते. चक्की त्याची बायको चालवायची. पन्नाशीची असंल, काटक, भुवया पिठानं पांढऱ्या, लुगड्याचा पदर कमरेले खोचलेला. तिचं नाव मी लिहीत नाही. गावात तिले सगळे मावशीच म्हणत, मीही तेच म्हणायले लागली. मूलबाळ नव्हतं. शेत नव्हतं. ही चक्की होती.

इंजिन दोन जाड सागाच्या ओंडक्यांवर बोल्टानं कसलेलं, तिथून पट्टा चक्कीच्या चाकाले. पेट्रोलवर चालू करायचं अन् तापलं की घासलेटवर टाकायचं, अशी जुगाड तिच्या नवऱ्यानं करून ठेवली होती. ट्रकच्या मागच्या चाकायची धुरी तुटली तेव्हा त्यानं ट्रक विकला अन् इंजिन ठेवून घेतलं. धुराच्या नळीच्या तोंडावर वनस्पती तुपाचा एक डबा लटकवलेला, भोकं पाडलेला. पिपाणी त्याच्यातून वाजायची.

नंबर इंजिनच्या बाजूले होता, पण त्याच्यावर तेल अन् पीठ बसून बसून भाकरीसारखा थर झाला होता. बाबानं पान्यानं तो खरवडला. मी त्याच्यावर कागद धरला अन् पेन्सिल आडवी करून घासत गेली. एकेक आकडा पांढरा उमटत आला. मी पुस्तक काढून जुळवले. सगळे जुळले. सगळेच्या सगळे! मी नाचली. खरंच नाचली, लोकायच्या दळणाच्या डब्यायच्या मधात.

"काय झालं वं हिले?" मावशीनं बाबाले विचारलं.

बाबानं सांगितलं. ट्रक सापडला, इंजिन पाहिजे, म्हणून आलो. तिनं ऐकून घेतलं. वरच्या पेटीत दाणे टाकत होती, ते टाकणं थांबवलं नाही.

"अन् हे नेलं तर मी काय खाऊ गा भाऊ? लोखंडाचा पुर्जा?"

बाबानं पाना खिशात टाकला. ते तिथूनच परत फिरले असते, मले माहीत आहे, त्यायले असं मागणं जमत नव्हतं. बोलली मी.

तेवढ्यात मी पाहिलं होतं की तिचं उजवं मनगट वाकडं आहे. विचारलं तर म्हणे, इंजिनचं हँडल उलटं आलं, दोन वर्षांआधी, हाड मोडलं ते तसंच बसलं. आता थंडीच्या दिवसात हँडल मारायले रस्त्यावरचा कोणी माणूस बोलवावा लागते, अन् तो मस्करी करते. झालं, मले धागा सापडला. मी म्हटलं, मावशी, आम्ही तुम्हाले विजेची मोटर बसवून देतो. बाबा स्वतः बसवतील. हँडल नाही, घासलेट नाही, धूर नाही. बटन दाबलं की चालू!

"बटन?"

"बटन! लहान लेकरू दाबंल."

"अन् आवाज?"

"आवाजच नाही मावशी! पंख्यासारखं. तुम्हाले आपलं बोलणं ऐकू येईल."

ती हसली. मले वाटलं खूश झाली. पट्टा फिरत होता, पीठ उडत होतं, अन् ती मनगट चोळत बराच वेळ इंजिनकडं पाहत होती. मग म्हणे, "पाहा बाप्पा. तुम्ही फौजेतले. माहा माणूसही फौजेतला होता, डायवर. फौजेतला माणूस पोटावर पाय देत नाही."

बाबानं फसवलं नाही हो. हे मले सांगितलंच पाहिजे. एका बंद पडलेल्या तेलघाण्याची मोटर त्यायनं मिळवली, खोलून तार नव्यानं भरून घेतली, बेअरिंग नवे टाकले. विजेच्या कनेक्शनचे अर्ज मी टाइप केले, सात अर्ज, एक हरवला की दुसरा, चार महिने. मीटर बसलं. ज्या दिवशी मोटर लावली त्या दिवशी दोन पायल्या ज्वारी टाकून पाहिली, इतकं मऊ पीठ निघालं की मावशीनं ते चिमटीत घेऊन गालाले लावून पाहिलं. बाबाचा हिशोब कुठंच चुकला नव्हता. किती ताकद पाहिजे, चाक किती मोठं, पट्टा किती लांब, सगळं बरोबर.

इंजिन बैलगाडीत चढवायच्या आधी तिनं त्याले हळद-कुंकू वाहिलं अन् नारळ फोडला. दर दसऱ्याले करायची तसं. बाबा टोपी काढून उभे होते. घरी आल्यावर त्यायनं सगळ्यात आधी ते कुंकू पुसलं, कारण ते नंबराच्या आकड्यायमध्ये गेलं होतं.

मग सात-आठ महिने आमच्या घरात दुसरी गोष्टच नव्हती. इंजिन खोललं तर प्रत्येक फटीत पीठ. पाण्याच्या वाटेतही पीठ, भाजून वीट झालेलं. बाबा छिन्नीनं काढायचे, मी बादलीत भरायची.

"पाहा, पुऱ्या गावाची भाकर निघून राहिली यातून," आई म्हणे, "अन् आपल्या घरची कवा भाजायची ते पाहणारं कोणी नाही." पण तीच नंतर जुन्या लुगड्याचे फडके आणून द्यायची. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी खीर केली अन् पहिली वाटी ट्रकखाली झोपलेल्या बाबाले सरकवली.

या सगळ्यात बेसाले आम्ही एकदाच गेलो, मोटर बसवल्यावर पंधरा दिवसांनी. मावशी म्हणे, बरं हाये, विजेची लाईन जाते मधात मधात, पण बरं हाये. बाबानं मोटरीवर हात ठेवून पाहिला, गरम होत नव्हती. आम्ही समाधानानं परत आलो. शेडमध्ये त्या वेळी एकही डबा नव्हता. हे मी पाहिलं होतं. पाहिलं, अन् दुपार आहे म्हणून असंल, असं स्वतःच ठरवलं.

ज्या दिवशी इंजिन ट्रकमध्ये बसलं अन् पेट्रोलवर पहिल्यांदा धरलं तो दिवस मी कधी विसरणार नाही. बाबा बोनेटवर हात ठेवून डोळे मिटून ऐकत होते. सहाही सिलिंडर, एकसारखे. रडले ते. मीही रडली. आई म्हणे, बंद करा आता, शेजारीण दारं लावून राहिली.

हिवाळ्यात शहराच्या मोठ्या मैदानावर जुन्या गाड्यायचं प्रदर्शन भरलं. मोटारी जास्त, राजेलोकायच्या अन् शेठलोकायच्या, चकचकीत. फौजी गाड्यायची रांग वेगळी, मैदानाच्या टोकाले. आम्ही जीप, ट्रेलर अन् ट्रक, तिन्ही नेले. प्रत्येक गाडीपुढं माहितीचा पुठ्ठा लावायचा होता. तो अर्थातच मी टाइप केला.

आता हे लिहायले बोटं जड होतात. त्या पुठ्ठ्यावर मी लिहिलं होतं, हा ट्रक लढाईत होता, चेसिस अन् इंजिन दोन्ही मूळचे, नंबरासहित. इथपर्यंत खरं. पुढं मी लिहिलं, "लढाईनंतर हे इंजिन तीस वर्षं एका खेड्यात गंजत पडून होतं. तिथून त्याला जीवदान मिळालं."

कोणी सांगितलं नव्हतं असं लिहायले. मले चांगलं वाटलं म्हणून लिहिलं. गंजत पडून होतं, जीवदान, वाचणाऱ्याले कसं भरून येते! चक्कीला लावलेलं होतं हे काही शोभून दिसत नव्हतं. बाबानं पुठ्ठा वाचला. त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "अक्षरं सरळ आली," अन् लावून दिला.

अन् बाबानंच मावशीले निरोप धाडला होता, या म्हणून, तुमचं इंजिन पाहायले. अभिमानानं.

दुपारी परीक्षक आले, कोट घातलेले तिघं. त्यातले मोठे साहेब फौजेतून रिटायर झालेले, आवाज असा की चार गाड्यापलीकडं ऐकू जावा. ते ट्रकभोवती दोनदा फिरले, खाली वाकून नंबर पाहिले, मग पुठ्ठा मोठ्यानं वाचायले लागले. लोक जमलेले. मावशी त्याच वेळी आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात कापडी थैली, पायात चप्पल नाही, सडकेनं चालत आली असंल. मी तिले हात केला. ती गर्दीच्या मागं उभी राहून ऐकत होती. तिले वाचता येत नव्हतं, म्हणून ऐकतच होती, एकेक शब्द.

"...तीस वर्षं एका खेड्यात गंजत पडून होतं," साहेबांनी वाचलं.

"कोणतं?" मावशी म्हणाली.

साहेब थांबले. मागं पाहिलं.

"कोणतं पडून होतं? हे?" ती पुढं आली. रागानं नाही, खरंच कळलं नव्हतं तिले. "हे नाही गा साहेब. हे तर मी चालवत होती. रोज. माह्या आधी माहा माणूस चालवत होता. दिवाळीच्या पाडव्याले फक्त बंद राहे."

कोणीतरी हसलं. साहेबही हसले, चांगल्या मनानं, म्हणाले, "आजी, हे लढाईतलं इंजिन आहे."

"लढाईतलंच हाये. मी काय नाही म्हणून राहिली? पण मंग दळत होतं."

साहेबांनी बाबाकडं पाहिलं. बाबानं खाली पाहिलं. मग साहेब म्हणे, वा, इंटरेस्टिंग, अन् वहीत काही लिहून पुढच्या गाडीकडं गेले. लोक त्यांच्यामागं गेले. मी पुठ्ठ्यासमोर जाऊन उभी राहिली, पाठीनं झाकून. आता झाकून काय होणार होतं, पण उभी राहिली.

बाबानं तिले ट्रकच्या पायदानावर बसवलं, पाणी दिलं. बोनेट उघडून दाखवलं. तिनं हात लावला नाही.

"किती उजळ केलं," एवढं म्हणाली. मग लगेच, "भाऊ, मी पाहायले नाही आली. मी मागायले आली. हे परत देता का?"

अन् मग तिनं सांगितलं. मी जसं ऐकलं तसंच सांगते, कारण यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं, अन् तरी आम्हाले दोघायले, चार महिने अर्ज करणाऱ्यायले अन् पट्टा मोजणाऱ्यायले, ते कळलं नव्हतं.

गावात दिवसभर सलग लाईन नसे. येई ती केव्हाही, सकाळी येई, भर दुपारी येई, तासभर राहून जाई. बायका डबे घेऊन येत, लाईन नाही, डबे घेऊन परत जात. मग लाईन आली की मावशी बटन दाबी, अन् मोटर चाले, पंख्यासारखी, कोणाले ऐकूच नाही येई. आधी काय होतं, इंजिन चालू झालं की पिपाणी वाजे, वावरातल्या बायकायलेही ऐकू जाई, चला, चक्की सुरू झाली. पुरं गाव त्या आवाजावर दळण आणे. तो आवाज म्हणजे तिचं दुकान उघडणं होतं. अन् आम्ही त्याच्या ठिकाणी मुकी मोटर बसवली. तिनं विचारलं होतं मले. मी काय म्हटलं ते वर लिहिलंच आहे.

"मी थाळी वाजवून पाहिली," ती म्हणे. "लोक धावत आले, कोणाच्या घरी लेकरू झालं म्हणून. दोनदा हसले. तिसऱ्यांदा कोणी आलंच नाही. एकदा घंटी आणली, तर शाळेची पोट्टी सुटून आली, मास्तर भांडला. मंग पलीकडच्या गावातल्या चक्कीवाल्यानं धुराचा भोंगा इकडच्या आंगाले वळवला. त्याचं डिझेलचं इंजिन हाये. त्याची टुकटुक आमच्या गावात ऐकू येते. गेले सगळे तिकडं. मी लाईन आली की मोटर लावून बसतो रिकामी. दगडावर दगड घासला जाते म्हणून बंद करतो."

मी म्हटलं, बाबा. ते म्हणाले, "पाहू."

पाहू! मीही वाट पाहत होती की पुढं काही म्हणतील. त्यायनं बोनेट लावलं, हळूच, दोन्ही हातानं. "पाहू, माय. एवढं प्रदर्शन होऊ द्या."

तिनं थैलीतून चार संत्री काढून पायदानावर ठेवली अन् गेली.

बक्षीस मिळालं आम्हाले. पुढं काय झालं ते मी भराभर सांगते कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही, नुसतं पाहू आहे. जानेवारीत झेंड्याच्या दिवशी मिरवणुकीत ट्रक पाहिजे होता, म्हणून त्याच्यानंतर. मग बाबा म्हणे, डिझेलचं एखादं दुसरं इंजिन पाहून देऊ तिले. पाहायले गेले, पटलं नाही. मग उन्हाळा. मी रोज म्हणत होती असं मले वाटते, पण रोज नव्हती म्हणत. ट्रक सुरू केला की मी धावत जाऊन समोरच्या सीटवर बसायची, हेही खरं आहे.

आई एकदा जेवताना म्हणाली, "तिच्या घरी चूल कशावर पेटत असंल?" बाबानं हातातला घास ताटात ठेवला अन् उठले. दुसऱ्या दिवशी त्यायनं इंजिन काढायले घेतलं. पोळ्याच्या आधीची गोष्ट. तीन दिवस लागले. कोणाची मदत घेतली नाही, माझीही नाही. टेम्पो केला, सागाचे नवे ओंडके घेतले, घासलेटवर चालवायची नळी परत जोडून घेतली. वनस्पती तुपाचा डबाही शोधून त्याले भोकं पाडले, मोजून.

बेसाले पोहोचलो तर शेडमध्ये संत्र्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या, थेट छतापर्यंत. मोटर नव्हती. चक्की नव्हती. जमिनीत फक्त चार बोल्ट वर आलेले. शेजारचा बुढा खाटेवर बसून होता, तो म्हणे, "आता आले का? दगड, मोटर, सारं इकलं तिनं, उन्हाळ्यातच. पलीकडच्यानंच नेलं. शेड बगीचेवाल्याले भाड्यानं देली. ती तिकडं गेली असंल, दळायले."

"कामाले लागली का त्याच्याकडं?" बाबानं विचारलं.

"कामाले काहून ठेवंल तो? दळायले गेली. तिच्या घरचं दळण."

टेम्पोवाला म्हणे मी थांबतो पण जास्त नाही. आम्ही पायीच गेलो, बगीच्यामधून, दीड-दोन मैल. मी बाबाच्या मागून चालत होती.

पलीकडच्या गावातल्या चक्कीसमोर बायकायची लाईन होती. दहा-बारा. मावशी मधात बसलेली, मांडीशी पितळी डबा, ज्वारीचा. बेसाच्या दोन बायका तिच्या पुढं होत्या. त्यातली एक म्हणत होती, "मावशी, तुम्ही समोर या ना. तुम्ही काहून लाईनीत?"

"राहू दे वं. नंबरानं होऊ दे."

तिनं आम्हाले पाहिलं. पदर सारखा केला. बाबा तिच्यापुढं जाऊन उभे राहिले अन् फौजेत उभे राहतात तसे हात सरळ बाजूले.

"माय, इंजिन आणलं," ते म्हणाले. "टेम्पोत हाये. बेसाले उभा हाये टेम्पो."

चक्कीच्या आवाजात तिले ऐकू आलं नाही. बाबाले परत म्हणावं लागलं, मोठ्यानं, सगळ्या बायका वळून पाहायले लागल्या इतक्या मोठ्यानं.

"कशाले लावू गा भाऊ?" ती म्हणाली. "दगड याच्याकडं हाये."

बाबा म्हणे, दगड आणू, नवे आणू. ती नाही पण नाही म्हणाली, अन् हो पण नाही म्हणाली. तेवढ्यात चक्कीतून पीठ पडत होतं तिकडं तिची नजर गेली. उठून तिनं दुसऱ्या बाईच्या डब्यातलं पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, अन् आतल्या माणसाले ओरडून म्हणे, "अरे, जळून राहिलं पीठ! दगड घट्ट झाला तुहा. थोडा ढिला कर."

तो आतून न पाहताच म्हणाला, "बुढे, बस ना आपल्या नंबरावर. मले शिकवू नोको."

मावशीनं चिमटीतलं पीठ परत त्या बाईच्या डब्यात झटकलं. मग येऊन आपल्या डब्याजवळ बसली, अन् लाईन एक घर पुढं सरकली तशी तीही डबा ओढत पुढं सरकली.